काळी पट्टी

(डेबिट कार्डाची मागची बाजू, क्लोजअप. बोटांच्या चिमटीतून लोखंडाचा कीस पडतोय.)

हे आमच्या कॅमेरामनचं जुनं डेबिट कार्ड, २०१६ ला बंद पडलेलं. त्याच्या मागच्या काळ्या पट्टीवर आम्ही लोखंडाचा कीस भुरभुरतोय, अगदी बारीक, रांगोळी घालतात तसा. आता कार्डाला एक टिचकी. दिसल्या ना उभ्या उभ्या रेघा? कार्ड नंबर, एक्स्पायरी, मशीनला लागणारे अजून थोडे आकडे, सगळं या रेघांमधे, आणि त्याला कुलूप वगैरे काही नाही. ज्याच्याकडे वाचायचं यंत्र त्यानं वाचावं आणि कोऱ्या कार्डावर उतरवून घ्यावं, शाळेत दुसऱ्याची वही उतरवायचो तसं. पिन मात्र यात नसतो, आणि आपण सगळे त्याच भरवशावर निवांत.

(गणेशखिंड रोड, सिग्नल, मागे बँकेची इमारत.)

पुणे, गणेशखिंड रोड. कॉसमॉस बँक, सहकारी, १९०६ सालची. ११ ऑगस्ट २०१८, दुसरा शनिवार, बँकेला सुट्टी. त्याच दिवशी बँकेवर सायबर हल्ला झाला.

(एटीएम. कार्ड आत जातं, स्क्रीनवर 'कृपया थांबा'.)

आता हे 'कृपया थांबा' नीट बघा, कारण सगळी गंमत इथेच आहे. एटीएम स्वतः काहीच ठरवत नाही, तो नुसता खिडकीतला माणूस. तो आत विचारतो, हे अमुक कार्ड आलंय, दहा हजार मागतंय, देऊ का? हा प्रश्न जातो बँकेच्या स्विचकडे. स्विच म्हणजे भिंतीवरचं बटण नाही हो, सर्व्हरवर चालणारं सॉफ्टवेअर. ते बँकेच्या मुख्य सिस्टिमला विचारतं, ज्याला बँकवाले सीबीएस म्हणतात: पिन बरोबर आहे का, खात्यात पैसे आहेत का? उत्तर उलट्या वाटेनं परत येतं, मग आत ती घरघर होते आणि नोटा बाहेर. हे सगळं आपण पाकीट खिशात ठेवेपर्यंत होतं.

हल्लेखोरांनी मालवेअर, म्हणजे घातकी सॉफ्टवेअर, घुसवून या वाटेतच आपला बनावट स्विच बसवला. खऱ्या सीबीएसपर्यंत प्रश्न पोचलाच नाही, वाटेतच उत्तर, 'द्या'. पिन काहीही मारा, खात्यात शंभर रुपये असोत, उत्तर तेच. आणि प्रश्न विचारायला लागणारी कार्डं? ती नकली, अशाच पट्टीवर दुसऱ्यांचे नंबर उतरवलेली.

(नोटा मोजल्याचा आवाज. कोल्हापूर, रात्रीचं एटीएम, शटर अर्धं खाली.)

२८ देशांत १२ हजारांवर व्यवहार, ७८ कोटी. भारतात अजून अडीच कोटी, त्यातले काही इथून, कोल्हापुरातून. सोमवारी १३ तारखेला स्विफ्टवरून, म्हणजे बँका परदेशी पैसे पाठवायला वापरतात त्या यंत्रणेवरून, १३ कोटी ९२ लाख हाँगकाँगला. एकूण ९४ कोटी ४२ लाख.

ग्राहकांच्या खात्यांना धक्का लागला नाही, बँकेनं सांगितलं. खरंच आहे ते, खात्यांना कोणी विचारलंच नव्हतं! पैसे बँकेचे गेले. पण कार्डांवरचे ते नंबर कोणाचे होते? कोणाच्या तरी पाकिटातले, कदाचित भाजी आणायला निघालेल्या एखाद्या काकूंच्या पर्समधले. ९४ कोटींचा हिशोब झाला, नंबरांचा कुठल्या रकान्यात लिहायचा? आमचं भांडण एवढंच आहे.

(कोर्टाचं आवार.)

संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञांनी उत्तर कोरियाकडे बोट दाखवलं, एप्रिल २०२३ मधे पुण्याच्या कोर्टानं ११ जणांना शिक्षा सुनावली, चिपची कार्डं आली. चिप दर व्यवहाराला नवा कोड बनवते, ती पट्टीसारखी उतरवून घेता येत नाही. माहिती फुटली तर ज्याची त्याला कळवायचं, हेही २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात लिहिलंय.

(पुन्हा ते जुनं कार्ड. फडक्यानं कीस पुसतायत.)

आणि हे कार्ड. २०१६ मधे देशातल्या जवळपास ३२ लाख डेबिट कार्डांची माहिती धोक्यात आली होती, त्याच दिवसांत आमच्या कॅमेरामनला मेसेज आला, सुरक्षेच्या कारणास्तव कार्ड बंद केलंय, शाखेत या. गेला. काउंटरवर फॉर्म मिळाला, त्यात एक रकाना होता, कार्ड बदलण्याचं कारण. यानं आतल्या साहेबांना विचारलं, काय लिहू? ते म्हणाले, लिहा काहीतरी.

यानं लिहिलं, 'हरवलं'.