शंभर रुपयांमागे 2 पैसे

(दृश्य : निगडी प्राधिकरण, सकाळ. रस्त्याकडेला रचलेले पेव्हर ब्लॉक.)

गवंडी दोरी ताणतो, ब्लॉक ठेवतो, हातोडीनं ठोकून बसवतो. पायी चालणाऱ्यांसाठी आणि सायकलवाल्यांसाठी आखलेला हा ‘हरित सेतू’. पिंपरी-चिंचवड महापालिकेनं 2025 मध्ये यासाठी ग्रीन बाँड काढला, 200 कोटींचा. ग्रीन बाँड म्हणजे कर्जच. फक्त पैसा कुठे लावणार, ते आधी लिहून द्यायचं. पण लिहिलेलं खरंच हिरवं आहे, हे ठरवायचं कुणी?

(दृश्य : ग्रंथालय. नियतकालिकांचे गठ्ठे, पानं उलटणारा हात.)

2007 मध्ये युरोपियन इन्व्हेस्टमेंट बँकेनं असा पहिला बाँड काढला. पुढच्या वर्षी स्वीडनच्या पेन्शन फंडांना याच कामात पैसा घालायचा होता. वर्ल्ड बँकेनं त्यांच्यासाठी बाँड काढला आणि निकष तपासायला ऑस्लोच्या सिसेरो संस्थेतले हवामान-अभ्यासक बोलावले. कर्जाचे कागद, आणि वाचणारे हवामानवाले! वित्तशास्त्राचे प्राध्यापक बरेच उशिरा आले, हे सांगायलाच हवं.

मग आलं 2015. फेब्रुवारीत येस बँकेनं भारतातला पहिला ग्रीन बाँड काढला. सप्टेंबरात बँक ऑफ इंग्लंडचे गव्हर्नर मार्क कार्नी यांनी लंडनच्या लॉइड्समध्ये विमावाल्यांनाच सुनावलं, की हवामानबदल हा वित्तव्यवस्थेवरचा धोका आहे. डिसेंबरात पॅरिस करार. त्यानंतर शोधनिबंधांची रीघ लागली. 2017 मध्ये ‘रिव्ह्यू ऑफ फायनान्शियल स्टडीज’सारख्या वजनदार नियतकालिकानं या विषयावर प्रस्ताव मागवले. आता यात पीएच.डी. करतो म्हटलं, तर गाईड भुवया उंचावत नाही.

(दृश्य : संगणकाच्या पडद्यावर व्याजदरांचे आलेख.)

सगळ्यात जास्त घोळवलेला प्रश्न ‘ग्रीनियम’चा : हिरव्या कामाला पैसा स्वस्त मिळतो का? वित्त-अभ्यासक ऑलिव्हिए डेव्हिड झर्बिब यांनी 110 ग्रीन बाँड त्यांच्यासारख्याच साध्या बाँडांशी ताडून पाहिले. 2019 मध्ये छापलेलं उत्तर : मिळतो, शंभर रुपयांमागे वर्षाला साधारण 2 पैशांनी. तोच हिशेब इथल्या 200 कोटींना लावला तर वर्षाचे 4 लाख.

आणि धूर? कॅरोलिन फ्लॅमर यांच्या 2021 च्या अभ्यासात, असे बाँड काढणाऱ्या कंपन्यांचं उत्सर्जन नंतर घटलेलं दिसलं.

(दृश्य : नव्या ब्लॉकवरून दप्तर घेऊन जाणारी मुलगी. निवेदन नाही.)