थंड रस्त्यावर कोणता टायर?

(सोलापुरात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मित्रहो, सोलापुरात उभं राहून हिवाळी टायरवर बोलायचं म्हणजे जरा धाडसच. इथं मे महिन्यात पारा 43-44 ला टेकतो. जानेवारीत, गड्डा यात्रेच्या दिवसांत पहाटे 12-15 अंश झाले की आपण कानटोप्या शोधतो. सोलापूर-पुणे रस्त्यावर रोज गाडी पळवणाऱ्याला हिवाळी टायर लागत नाही. तो विषय इथंच मिटला.

पण इथं बसलेल्या कितीतरी जणांची मुलं, पुतणे, भाच्या आज जर्मनीत नोकरीला आहेत. त्यातलाच एक जण स्टुटगार्टजवळ राहतो. मागच्या चाकांना ताकद देणारी एक दमदार गाडी त्यानं घेतलीय. सुट्टीत आला तेव्हा मला म्हणाला, "काका, बर्फ पडला की मी गाडी काढतच नाही. पण ऑक्टोबर-नोव्हेंबरात आणि मार्चमध्ये रविवारी सकाळी डोंगरात जरा जोरात चालवायची असते. उन्हाळी टायरच ठेवू, की हिवाळी घालू?" आज मी त्याच्याच प्रश्नाचं उत्तर देणार आहे.

सुरुवात रबरापासून करू. प्रत्येक रबराचं एक ठरावीक तापमान असतं. त्याच्या खाली ते लवचिकपणा सोडून काचेसारखं वागतं. इंजिनिअर मंडळी त्याला टी-जी म्हणतात. त्या तापमानाजवळ जाता जाता रबर आधीच कडक होत जातं. ताजी भाकरी दुमडते आणि आपली कडक भाकरी मोडते, तसंच. (हशा) थंडीत रबराचं काय होतं हे साऱ्या जगानं एकदा पाहिलंय. 28 जानेवारी 1986 ला अमेरिकेचं चॅलेंजर अवकाशयान उड्डाणानंतर 73 सेकंदांत नष्ट झालं. थंडीत त्याच्या रॉकेटच्या सांध्यातलं रबर कडक झालं होतं. चौकशी आयोगाच्या सुनावणीत आयोगाचे सदस्य, भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन यांनी त्या रबराचा तुकडा क्लॅम्पमध्ये दाबून बर्फाच्या पाण्यात बुडवला. बाहेर काढून क्लॅम्प सैल केला, तर रबर लगेच मूळ आकारात येईना. तिथं सांधा बंद राहण्यासाठी रबराला झटकन परतायला हवं होतं.

टायरचं काम याहून किचकट आहे. डांबरी रस्त्यावर खडीची टोकं असतात. रबर त्यांच्यामधल्या फटींत दबतं आणि बाहेर येताना थोडं मागे रेंगाळतं. पकडीचा मोठा भाग या रेंगाळण्यातून येतो, उरलेला रबर रस्त्याला चिकटण्यातून. कडक झालेलं रबर फटीत नीट उतरतच नाही, टोकांवरूनच सरकत जातं. त्यात आणखी एक गंमत आहे. टायर सरकू लागला की हे दबणं-सुटणं सेकंदाला हजारो वेळा होतं, आणि इतक्या झपाट्यानं दाबलेलं रबर आहे त्यापेक्षा थंड असल्यासारखं वागतं. त्यामुळे टी-जी शून्याच्या बराच खाली असला, तरी उन्हाळी टायर शून्यावर पोचायच्या कितीतरी आधी कडक वाटायला लागतो.

हिवाळी टायरचं रबर मुळातच कमी टी-जीचं असतं, त्यात सिलिका नावाची बारीक पूड भरपूर असते. नक्षीच्या ठोकळ्यांवर ब्लेडनं मारल्यासारखे बारीक काप असतात, त्यांना सायप म्हणतात. बर्फात या कापांच्या कडा पकड घेतात. पण हेच ठोकळे कोरड्या रस्त्यावर वळणात मऊ पडतात, झुकतात. स्टिअरिंग फिरवलं आणि गाडी वळली, यांमध्ये क्षणभराचा ढिलेपणा जाणवतो. जोरात चालवणाऱ्याची खरी तक्रार ही असते, आणि ती खोटी नाही.

आता त्या प्रसिद्ध 7 अंशांकडे येऊ. 7 अंशांखाली हिवाळी टायर, असं टायरवाले सांगतात. व्यवहाराला सूत्र म्हणून ते ठीक आहे, पण ती लक्ष्मणरेषा नव्हे. रस्ता कोरडा असेल तर 5-6 अंशांतही चांगला उन्हाळी टायर बहुतेक वेळा हिवाळी टायरच्या आधी गाडी थांबवतो. रस्ता ओला झाला आणि पारा शून्याकडे सरकला की पारडं फिरतं. बर्फावर तर तुलनाच नको. तिथं उन्हाळी टायरला थांबायला जवळजवळ दुप्पट अंतर लागू शकतं. म्हणून मी त्या मुलाला सांगितलं, महिन्याचं सरासरी तापमान बघू नकोस. तुझ्या फेरीतला सगळ्यात वाईट तास कोणता, ते बघ.

तो तास काढायचा कसा? स्टुटगार्ट खोलगट जागी वसलंय, समुद्रसपाटीपासून साधारण 250 मीटरवर. हा जिथं गाडी पळवतो ते स्वाबियन आल्बचं पठार 700-800 मीटरवर आहे. 100 मीटर चढलं की हवा साधारण अर्धा-पाऊण अंश थंड होते. म्हणजे घराबाहेर 6 अंश असतील तर वर 3 अंश. त्यात झाडांची सावली, रात्रीचा दव, रस्त्यावर पडलेली ओली पानं. शिवाय टायर थंड. रेसिंगच्या ट्रॅकवर टायर दोन-तीन फेऱ्यांत तापतो. साध्या रस्त्यावर, नियम पाळून, तो तितका तापत नाही, आणि चहाला थांबलात की पुन्हा थंड. मागच्या चाकांची दमदार गाडी, थंड उन्हाळी टायर, वळणातून बाहेर पडताना अॅक्सिलरेटरवर पाय, की शेपूट बाहेर! दुपारी एक वाजता 14 अंशांत हीच गाडी याच टायरवर मजेत जाते.

म्हणून त्याला मी जे सुचवलं ते असं. नोव्हेंबरच्या सुरुवातीपर्यंत उन्हाळी टायर ठेवायचे असतील तर फेरी दुपारची आणि रस्ता कोरडा. सकाळीच जायचं असेल तर वेगवान गाड्यांसाठी बनवलेले हिवाळी टायर घाल. मिशेलिनचे पायलट आल्पिन, पिरेलीचे सोट्टोझेरो ही त्यातली माहितीतली नावं. यांची नक्षी साध्या हिवाळी टायरपेक्षा घट्ट असते, आणि ताशी 240 किलोमीटर वेगापर्यंतचं व्ही रेटिंग, 270 पर्यंतचं डब्ल्यू रेटिंग मिळतं. दोन्ही जोड वेगवेगळ्या रिमवर ठेव, आणि हिवाळी जोडाला एक इंच लहान रिम घे, बाहेरचा व्यास तोच राहील असा. टायरची भिंत उंच होते, खड्ड्यात रिम वाचते, टायरही स्वस्त पडतो. मात्र चारही चाकांना एकच जात. फक्त मागे हिवाळी टायर घालून पैसे वाचवणारे महाभाग तिकडेही आहेत. पुढचे घसरतात, गाडी वळतच नाही.

ऑल-सीझन टायर? रोज ऑफिसला जाणाऱ्यासाठी उत्तम तडजोड. या मुलाच्या कामाची नाही.

कायद्याचंही थोडं. जर्मनीत तारखेवर हिवाळी टायरची सक्ती नाही. रस्त्यावर बर्फ, चिखलासारखं पातळ बर्फ किंवा पाणी गोठून झालेला निसरडा थर असेल तेव्हा सक्ती आहे. लोक मात्र ऑक्टोबर ते ईस्टर हा ठोकताळा पाळतात. 1 ऑक्टोबर 2024 पासून तिथं नुसतं एम अधिक एस (चिखल आणि बर्फ यांची इंग्रजी आद्याक्षरं) छापलेला टायर हिवाळी म्हणून चालत नाही. तीन शिखरं आणि त्यात हिमकण हे चिन्ह लागतं. नक्षीची कायदेशीर किमान खोली 1.6 मिलिमीटर असली, तरी हिवाळी टायर 4 मिलिमीटरवर आला की बर्फातलं त्याचं काम संपत आलं समजा. ऑस्ट्रियात 4 च्या खाली तो हिवाळी टायर धरतच नाहीत.

हवेचं प्रमाण हा मात्र सोलापूरकरांनाही लागू पडणारा मुद्दा. तापमान 10 अंशांनी उतरलं की टायरमधल्या हवेचा दाब सुमारे दीड पीएसआयनं कमी होतो. पंपावरचा मुलगा डोळे झाकून "35 ची टाकतो" म्हणतो, ते भर दुपारी, तापलेल्या टायरवर. मोजायची ती सकाळी, गाडी उभी असताना.

एक प्रश्न आलाय: "नातेवाईक तिकडून हिवाळी टायर पाठवतो म्हणतोय, अर्ध्या किमतीत. इथं वापरू का?" नको. आपल्या मे महिन्यात रस्त्याचा पृष्ठभाग हवेपेक्षा कितीतरी जास्त तापतो. मऊ रबर झपाट्यानं झिजेल, आणि अचानक ब्रेक लावलात तर गाडी लांब जाऊन थांबेल. त्यातून घ्यायचेच असतील, तर बाजूवरचा चार आकडी कोड आधी वाचा. 3419 म्हणजे टायर 2019 सालच्या 34 व्या आठवड्यात बनला. बऱ्याचदा तो वाचूनच स्वस्तात का मिळतायत ते कळतं.