चिंधी बांधलेलं भेदरं

या फांदीवर लाल चिंधी दिसतेय? तिचा अर्थ आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे. हे फळ तोडायचं नाही. चटणीला एखादं कमी पडलं, तरी नाही.

हा गावरान टोमॅटो. बसका, देठापाशी खोल फाका पडलेला, पातळ सालीचा, चवीला चांगलाच आंबट. आई त्याला भेदरं म्हणते. तिचं माहेर विदर्भातलं, आणि बीही तिकडूनच आलेलं. नारायणगावच्या बाजारातून क्रेटमध्ये भरून निघणाऱ्या टोमॅटोला शेकडो किलोमीटर न फुटता जायचं असतं, म्हणून त्याची साल जाड. आमच्या भेदऱ्याला परसातून फक्त चुलीपर्यंत यायचं असतं.

आई म्हणते, फळ बघून बी धरू नये, झाड बघून धरावं. पांढरी माशी आली आणि शेजारच्या झाडांची पानं आकसली, तेव्हाही हे झाड टवटवीत होतं. म्हणून चिंधी याला.

एका वर्षी मी बाजारातल्या देखण्या टोमॅटोचं बी धरलं होतं. बारा रोपं लावली आणि बारा तऱ्हांची फळं आली. ते बी संकरित होतं. पुढच्या पिढीत त्याचे गुण विखुरतात. गावरान टोमॅटोचं फूल बहुतेक वेळा स्वतःच्याच परागावर फळतं, त्यामुळे लेक आईसारखीच निघते. परसातल्या माणसासाठी ही केवढी मोठी सोय आहे!

आता जवळून पाहा. बोट रुतेल इतकं फळ पिकलं की ते आडवं कापायचं. प्रत्येक बीभोवती बुळबुळीत आवरण आहे. फळाच्या आतच बी उगवू नये, म्हणून निसर्गाने घातलेलं. गर बियांसकट ग्लासात काढायचा, थोडं पाणी घालायचं आणि वर फडकं बांधायचं. दोन-तीन दिवसांत आंबूस वास येतो, वर पांढरी साय धरते. नासलं म्हणून फेकू नका. त्या आंबण्यानेच आवरण सुटतं. पण फार दिवसही ठेवू नका, बी ग्लासातच मोड काढतं. मग भरपूर पाणी ओतून ढवळायचं. भरीव बी तळाशी बसतं, पोचट वर तरंगतं.

वाळवायचं सावलीत, स्टीलच्या ताटात. कागदावर ते असं चिकटतं की निघता निघत नाही. वाळलेल्या बीवर बारीक लव दिसते, मखमलीसारखी. राख घालून बाटलीत ठेवलं, वर वर्ष लिहिलं, की चार वर्षं तरी निर्धास्त.

अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी अशीच देशी वाणं घरात जपली. 2020 च्या पद्म पुरस्कारांत त्यांना पद्मश्री जाहीर झाली. आणि शेतकऱ्याने आपलं बी राखावं, पेरावं, दुसऱ्याला द्यावं, हा हक्क 2001 च्या वाण संरक्षण कायद्याने मान्य केलेला आहे. आईने तो कायदा वाचलेला नाही. शेजारणीने मागितलं की ती पुडी बांधून देते, एवढंच.

गणपती उठले की रोप टाकायचं. बी अर्धा सेंटिमीटर खोल, वर शेणखत मिसळलेली चाळलेली माती. आठवडाभरात कोंब वर येतात. महिन्याभराने रोप लावताना खालची पानं खुडून खोड निम्म्यापर्यंत मातीत गाडायचं. मनाला पटत नाही, रोपाचा जीव घुसमटेलसं वाटतं. पण टोमॅटोच्या खोडालाही मुळं फुटतात, आणि असं खोल लावलेलं रोप पुढे ऊन-वारा चांगला सोसतं.

मग प्रत्येकाशेजारी काठी. आई पहिल्याच काठीला लाल चिंधी अडकवून ठेवते. ती कुठल्या झाडाला बांधायची, हे ठरायला अजून अडीच-तीन महिने आहेत.