क्लेमच्या फाईलमधला एक्स-रे

नमस्कार, श्रोतेहो. पावसात स्कूटर घसरते, मनगटाचं हाड मोडतं आणि ऑपरेशन करून प्लेट बसवावी लागते. त्यानंतर बिलं नि डिस्चार्ज कार्ड आपण जपतो, एक्स-रेची फिल्म मात्र कुठंतरी कपाटावर पडते. विमा कंपनीचं पत्र येतं तेव्हा नेमकी तीच मागितलेली असते. हाड मोडलं होतं आणि आत प्लेट बसली, हे तपासणाऱ्या डॉक्टरला फिल्मवरच दिसतं. म्हणून ऑपरेशनच्या आधीची आणि नंतरची, दोन्ही फिल्म ठेवा. सोबत प्लेटचं बिल आणि तिच्या पाकिटावरचा स्टिकर हवा.

एमआरआय किंवा सीटी स्कॅन असेल तर बहुधा रेडिओलॉजिस्टच्या सहीचा रिपोर्ट पुरतो, फिल्म मागितली तरच द्यायची. अँजिओप्लास्टीला सीडी मागतात.

हल्ली बरेचसे क्लेम ऑनलाईन भरले जातात आणि तिथं फिल्मचा फोटो लागतो. खरा घोळ इथंच होतो. फिल्म टेबलावर ठेवून फ्लॅश मारला की फोटोत नुसती चकाकी येते. खोलीतला दिवा बंद करा, लॅपटॉपवर कोरं पांढरं पान उघडा, ब्राइटनेस पूर्ण वाढवा आणि फिल्म त्या पडद्यावर धरा. लॅपटॉप नसेल तर दिवसा खिडकीच्या काचेवर धरली तरी चालते. आधी पूर्ण फिल्मचा एक फोटो घ्या, मग मोडलेल्या भागाचा जवळून. पूर्ण फोटोच्या कडा कापू नका. कोपऱ्यात रुग्णाचं नाव, वय, तारीख आणि डाव्या-उजव्या बाजूची खूण असते. ती कापली गेली तर एक्स-रे कोणाचा, कोणत्या हाताचा, हे कळायला मार्ग उरत नाही. फोटो व्हॉट्सअ‍ॅपवरून पाठवायचा असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर तो दाबला जाऊन बारीक रेघ पुसट होते.

सीडीतली चित्रं डायकॉम नावाच्या स्वरूपात असतात, साध्या फोटोसारखी उघडत नाहीत. एखादीच फाईल उचलून पाठवली तर समोरच्याला बहुधा काहीच दिसत नाही. सगळे फोल्डर आहेत तसे कॉम्प्युटरवर उतरवून घ्या, आणि तेही आजच, कारण ओरखडा पडलेली सीडी पुढं वाचता येत नाही.

नाव सेंटरच्या काउंटरवरच तपासा. फिल्मवर माहेरचं आडनाव आणि पॉलिसीवर सासरचं, असं आपल्याकडं फार होतं. सुधारणा तिथल्या तिथं पाच मिनिटांत होते, नंतर पत्र आणावं लागतं. आणि डॉक्टरांनी तपासणी लिहून दिलेली चिठ्ठी फेकू नका. भरती होण्याआधीच्या तपासण्यांचा खर्च ठरावीक दिवसांपुरताच मिळतो, बऱ्याच पॉलिसींत तीस दिवसांचा. चिठ्ठी नसेल तर तोही कापतात.

आपली हवा दमट. एकावर एक ठेवलेल्या फिल्म चिकटतात, म्हणून प्रत्येक फिल्म वेगळ्या कागदी पाकिटात ठेवा. स्टेपल मारू नका, घडी घालू नका. उन्हातल्या गाडीत तर अजिबात नको, कारण थर्मल प्रिंटरची फिल्म उष्णतेनं काळवंडते.

मूळ फिल्म देण्याआधी फोटो काढून ठेवा आणि किती फिल्म दिल्या ते लिहून पोच घ्या. पुढच्या तपासणीला हाडाचे डॉक्टर जुनी फिल्म मागतीलच, म्हणून ती परत हवी असल्याचं अर्जातच लिहा.

फिल्म हरवली तरी घाबरू नका. भरती रुग्णाचे कागद डॉक्टरांनी उपचार सुरू झाल्यापासून 3 वर्षं ठेवायचे आणि मागितल्यावर 72 तासांत द्यायचे, असा 2002 सालचा वैद्यकीय परिषदेचा नियम आहे. गोमेकॉ, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजचं इस्पितळ असो वा खासगी इस्पितळ, मेडिकल रेकॉर्ड विभागात लेखी अर्ज द्या, त्यावर भरती क्रमांक आणि तारीख घाला आणि अर्जाच्या प्रतीवर शिक्का मारून घ्या.