ऑपरेशननंतरचा नंबर

(सांगलीत ज्येष्ठ नागरिक आणि चष्म्याच्या व्यवसायातल्या मंडळींसमोर एका ऑप्टोमेट्रिस्टने दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

“लेन्स बसवली ना? मग आता परत चष्मा कशाला?” मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन महिना झाला की तपासणीच्या खुर्चीत बसलेला जवळजवळ प्रत्येक जण हे विचारतो. थोडा वैतागून विचारतो, आणि तो वैताग मला रास्त वाटतो. ‘ऑपरेशन केलंस की चष्मा सुटला बघ’ असं शेजारचं कुणीतरी आधीच सांगून गेलेलं असतं. आज इथे पुढच्या रांगांत ऑपरेशन झालेली किंवा व्हायची असलेली मंडळी आहेत, आणि मागे चष्म्याची दुकानं चालवणारे आमचे व्यवसायबंधू. बोलणं दोघांसाठी आहे. मागच्यांना थोडं लागेलही.

बाहेरचा प्रकाश डोळ्याच्या पडद्यावर गोळा व्हायला एकूण साठेक डायॉप्टर (भिंगाची ताकद मोजायचं एकक) ताकद लागते. त्यातली त्रेचाळीसच्या आसपास कॉर्नियाची, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक भागाची. उरलेली आतल्या भिंगाची. ते भिंग गढूळ झालं की त्याला आपण मोतीबिंदू म्हणतो. ऑपरेशनमध्ये ते काढून त्याच्याभोवतीच्याच पातळ पिशवीत कृत्रिम भिंग बसवतात. हे भिंग किती ताकदीचं असावं, हे ऑपरेशनच्या आधी हिशेब करून ठरवावं लागतं.

हा हिशेब चुकला तर काय होतं, हे अगदी पहिल्याच ऑपरेशनात दिसलं. लंडनच्या सेंट थॉमस हॉस्पिटलमध्ये हॅरॉल्ड रिडली यांनी २९ नोव्हेंबर १९४९ रोजी माणसाच्या डोळ्यात पहिलं कृत्रिम भिंग बसवलं. युद्धात वैमानिकांच्या डोळ्यांत विमानाच्या छताच्या प्लॅस्टिकचे कण घुसत, तरी डोळा ते सोसतो, हे त्यांनी पाहिलं होतं. त्याच जातीचं प्लॅस्टिक त्यांनी वापरलं. पेशंट एक बाई होत्या. ऑपरेशन जमलं. नंतर नंबर काढला तर तो निघाला उणे अठरा, वर सहाचा सिलिंडर (एकाच दिशेतल्या बाकाचा वेगळा नंबर)! भिंगाचा आकार नैसर्गिक भिंगासारखा घेतला होता, पण प्लॅस्टिक प्रकाशाला जास्त वाकवतं, ती बाब हिशेबात नीट धरली गेली नव्हती. पुढे भिंगाचे बाक बदलले, ते ऑपरेशननंतर काढलेल्या या नंबरांमुळेच. त्या बाईंना नुसतं ‘आता दिसतंय ना’ विचारून घरी पाठवलं असतं, तर चूक किती आणि कोणत्या दिशेची, हे कळलंच नसतं.

आजचा हिशेब खूप सुधारलाय. मुख्य मापं दोन: डोळ्याची लांबी आणि कॉर्नियाचा बाक. लांबी साधारण २३ ते २४ मिलिमीटर असते. तिच्यात एका मिलिमीटरची चूक झाली तर चष्म्याचा नंबर अडीच-तीन डायॉप्टरने हलतो. ए-स्कॅनचा, म्हणजे ध्वनिलहरींनी मोजणाऱ्या यंत्राचा, प्रोब डोळ्याला टेकवून लांबी मोजताना हात जरा जड पडला आणि कॉर्निया ०.२ मिलिमीटर दबला, तर अर्धा डायॉप्टर तिथेच गेला. डोळा आहे त्यापेक्षा आखूड नोंदला जातो, भिंग जास्त ताकदीचं निवडलं जातं आणि माणसाला उणे नंबर येतो. १९९९ पासून डोळ्याला हात न लावता प्रकाशाने लांबी मोजणारी यंत्रं आली. पण प्रकाश आत तर जायला हवा! जत, आटपाडीकडून अजूनही पूर्ण पिकलेला पांढरा मोतीबिंदू घेऊन माणसं येतात. तिथे पुन्हा ए-स्कॅनच. शिवाय बसवलेलं भिंग पिशवीत नेमकं किती मागे स्थिरावेल, हे कोणतंही यंत्र आधी मोजू शकत नाही. सूत्रं त्याचा अंदाज बांधतात.

सांगलीकरांना हे समजायला अवघड नाही. ऑपरेशनआधीचा हिशेब म्हणजे उसाच्या उभ्या फडाकडे बघून बांधलेला टनांचा अंदाज, आणि नंतरचा नंबर म्हणजे काट्यावरचं वजन. अंदाज बांधणारा कितीही मुरलेला असो, बिल निघतं ते काट्यावर.

अंदाज आणि काटा यांत किती फरक चालतो? ब्रिटनमध्ये एक निकष मांडला गेला: शंभरातले किमान ८५ डोळे ठरवलेल्या नंबरच्या एक डायॉप्टर आत यावेत आणि ५५ अर्ध्या डायॉप्टरच्या आत. चांगली केंद्रं आता त्याच्या पुढे गेली आहेत. तरी सांगायचं हे, की अर्ध्या-पाऊण नंबराचा चष्मा लागला म्हणजे डॉक्टरांनी बिघडवलं, असं होत नाही.

आता नंबर कधी काढायचा ते बघू. लोकांना तो दुसऱ्या दिवशी हवा असतो. त्या दिवशी कॉर्नियाला सूज असते, बाहुली औषधाने मोठी झालेली असते. तेव्हा काढलेला नंबर घेऊन चष्मा केला तर पैसे पाण्यात. फेकोमध्ये, म्हणजे यंत्राने भिंग फोडून ओढून घेतात त्या ऑपरेशनमध्ये, छेद अडीच-तीन मिलिमीटरचा असतो, तिथे साधारण चार आठवड्यांनी अंतिम नंबर काढतात. शिबिरांत बऱ्याचदा बिनटाक्याचं हाताने केलेलं ऑपरेशन असतं. त्याचा छेद सहा-साडेसहा मिलिमीटरचा, म्हणून सहा आठवडे थांबलेलं बरं. टाके घातले असतील तर त्याहून जास्त. छेद वरच्या बाजूने घेतला की कॉर्नियाचा उभ्या दिशेतला बाक थोडा सैल पडतो आणि आडव्या दिशेतला तुलनेने जास्त राहतो. यातून सिलिंडर येतो, आणि जखम भरताना तो आठवडा-आठवड्याला बदलतो. सिलिंडर घालवायला ज्यांनी मुद्दाम टॉरिक लेन्स घेतली आहे, त्यांचा अक्ष, म्हणजे सिलिंडर कोणत्या कोनात आहे ते, तर जपूनच काढावा. ती लेन्स आत एक अंश फिरली की तिचा परिणाम सुमारे तीन टक्क्यांनी घटतो. तीस अंश फिरली की जवळजवळ सगळाच जातो.

आणि नंबर काढायचा कसा? इथे मागच्या रांगेशी माझं भांडण आहे. “कॉम्प्युटरवर काढला” असं सांगून मशीनची चिठ्ठी थेट चष्म्यात उतरवायची पद्धत पडली आहे. मशीन चांगलंच आहे, मीही वापरतो, पण सुरुवातीला. बाहुली लहान असेल, डोळा कोरडा असेल, लेन्सवरून चमक परतत असेल, तर त्याचा आकडा घसरतो. मल्टिफोकल, म्हणजे जवळचं-लांबचं दोन्ही दाखवणाऱ्या, लेन्सवर तर ते हमखास गोंधळतं: पेशंटला लांबचं ६/६ स्वच्छ दिसत असतं आणि चिठ्ठीवर उणे एक छापून येतो. तो उणे एक कुणी चष्म्यात घातला, तर महागाची लेन्स घेतलेल्या माणसाने ती कशासाठी घेतली, असा प्रश्न पडतो.

म्हणून आधी चष्म्याशिवाय सहा मीटरवरून तक्ता वाचून घ्यायचा. मग बारीक छिद्राची चकती डोळ्यापुढे धरायची. छिद्रातून जास्त ओळी वाचता आल्या तर कमी दिसण्याचं कारण बहुतेक नंबर आहे. वाढल्या नाहीत तर भिंगं बदलत बसू नये, डॉक्टरांकडे परत पाठवावं. पडद्याच्या मध्यभागी सूज आलेली असू शकते. ती बऱ्याचदा महिना-दीड महिन्याने दिसते, म्हणजे नेमकी नंबराच्या तपासणीच्या वेळी. आधी छान दिसत होतं आणि आता अंधुक झालं, असं पेशंट सांगत असेल तर ते मनावर घ्या.

त्यानंतर रेटिनोस्कोप. डोळ्यात प्रकाशाची पट्टी फिरवायची आणि बाहुलीतून परतणारी झळाळी कशी हलते ते बघायचं. पट्टीबरोबर हलली तर अधिक भिंग, उलट हलली तर उणे, हालचाल थांबेपर्यंत. दोन तृतीयांश मीटरवर बसून बघितलं तर आलेल्या आकड्यातून त्या अंतरापोटी दीड डायॉप्टर वजा. लेन्सची चमक मध्ये आली तर जरासं बाजूला झुकावं. हे शिकायला वेळ लागतो, म्हणूनच ते मागे पडत चाललंय, दुसरं कारण मला दिसत नाही. शेवटी ट्रायल फ्रेम (भिंगं बदलता येणारी चाचणीची चौकट) घालून पेशंटला विचारत भिंगं पक्की करायची, क्रॉस सिलिंडर (सिलिंडर तपासायचं खास भिंग) फिरवून अक्ष आणि आकडा तपासायचा, लाल-हिरव्या पाट्यांवर तोळामासा जुळवायचा. “हे बरं की ते बरं?” या प्रश्नाला आमच्याकडची आजी “दोन्ही बरंय की बाळा” म्हणते (हशा). घाई केली की हेच उत्तर मिळतं.

जवळच्या नंबराची गोष्ट जास्त रंजक आहे. साधी लेन्स बसवलेला डोळा जवळ-लांब करण्यासाठी आपली ताकद बदलू शकत नाही. त्यामुळे जवळचा नंबर म्हणजे सरळ अंतराचा हिशेब होतो: चाळीस सेंटिमीटरला अडीच, पन्नासला दोन, साठला पावणेदोनच्या आसपास. तरी सगळ्यांना सरसकट अडीच किंवा तीन लिहून द्यायची सवय आहे. चौरंगावर पोथी ठेवून मांडी घालून वाचणाऱ्या बाईंचा कागद साठ सेंटिमीटरवर असतो. तीनचा नंबर दिला तर त्यांना पोथीवर ओणवं व्हावं लागेल. मिरजेत सतारीची जवारी काढणारा कारागीर तारांखालच्या घोडीवर कानस चालवतो तेव्हा त्याची नजर हातभर लांब असते. बेदाणे निवडणाऱ्या बायकांचं अंतर वेगळं, बँकेच्या पासबुकाचं वेगळं. म्हणून पेशंटला म्हणावं, तुम्ही रोज बसता तसे बसा, हात धरता तसे धरा. मग टेप लावून अंतर मोजावं. टेप दहा रुपयांना मिळते.

एका डोळ्याचं ऑपरेशन झालंय आणि दुसऱ्याचा नंबर उणे सहा आहे, असं असेल तर मधल्या काळात दोन्ही काचांचा महागडा चष्मा करू नका. दोन डोळ्यांत तीन डायॉप्टरपेक्षा जास्त फरक बऱ्याच जणांना सोसत नाही. दोन्ही चित्रं लहान-मोठी दिसतात, जिना उतरताना पाय चुकतो. दुसरं ऑपरेशन लवकर उरकणं सोयीचं.

आणि त्या दुसऱ्या ऑपरेशनसाठी पहिल्याचा नंबर लाखमोलाचा असतो. समजा, पहिल्या डोळ्यात शून्य नंबर ठरवला होता आणि आला उणे एक. तर दुसऱ्या डोळ्याचं भिंग निवडताना त्या चुकीतला साधारण अर्धा भाग सर्जन हिशेबात धरतात. सगळा धरत नाहीत, कारण चुकीचा काही भाग त्या माणसाच्या डोळ्यांच्या घडणीचा असतो आणि काही भाग त्या दिवशीच्या मापाचा. पण हे करायला सर्जनच्या हातात आकडा पडायला हवा. आपल्याकडे ऑपरेशन एका गावात, नंबर दुसऱ्या गावात आणि चष्मा तिसऱ्याच दुकानात होतो. आकडा दुकानाच्या वहीत राहतो, सर्जनपर्यंत पोहोचत नाही. दुकानवाल्या बंधूंनी एवढं करावं: तारीख, चष्म्याशिवाय दिसलेली ओळ, नंबर, सिलिंडर, अक्ष, चष्म्याने दिसलेली ओळ, एका कागदावर लिहून तो पेशंटला द्यावा आणि मोबाइलवर त्याचा फोटो काढून सर्जनना पाठवावा. आणि पेशंटने ऑपरेशनच्या दिवशी मिळालेलं लेन्सचं कार्ड, ज्यावर भिंगाची ताकद छापलेली असते, ते त्याच कागदाला टाचून दुसऱ्या ऑपरेशनला बरोबर न्यावं.