डायनासोर गेले, पण कशावरून?

श्रोतेहो, नमस्कार. मत आणि वस्तुस्थिती यांतला फरक मुलांना कसा शिकवावा, याबद्दल आज बोलूया.

‘मानकुराद हाच आंब्यांचा राजा’ म्हटलं तर गोव्यात फारसं कुणी भांडायला येणार नाही. तरी ते मतच. ‘झुआरी अरबी समुद्राला मिळते’ ही वस्तुस्थिती; नकाशा उघडून पाहता येते. इथवर प्राथमिक शाळेतलं मूलही सहज येतं. अवघड भाग पुढे आहे, आणि तो शिकवायला मला डायनासोर फार उपयोगी वाटतात.

मुलांना विचारा, डायनासोर कशानं संपले? ‘आकाशातून मोठा दगड पडला,’ असं उत्तर येईल. लगेच विचारा, ‘कशावरून?’ आणि ‘शास्त्रज्ञ सांगतात’ एवढ्यावर सोडू नका. १९८० साली लुईस आणि वॉल्टर अल्वारेझ या बापलेकांनी सहकाऱ्यांसह इटलीत गुब्बिओजवळच्या, डायनासोर संपले त्या काळातल्या मातीच्या पातळ थरात इरिडियम मोजल्याचं प्रसिद्ध केलं. पृथ्वीच्या कवचात दुर्मीळ असलेला हा धातू तिथे कितीतरी जास्त निघाला. अशनींमध्ये, म्हणजे आकाशातून पडणाऱ्या दगडांमध्ये, तो जास्त असतो. पुढे मेक्सिकोत चिक्शुलुबला जमिनीखाली गाडलं गेलेलं, सुमारे १८० किलोमीटर रुंदीचं विवर ओळखलं गेलं. वय सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षं. थर, धातू, विवर ही सगळी तपासलेली वस्तुस्थिती. त्या आघातानं डायनासोर संपले, हा त्यावरून काढलेला निष्कर्ष. भक्कम आहे, पण निष्कर्ष.

कारण त्याच काळात दख्खनमध्ये लाव्हा वाहत होता. त्याचा काळा कातळ गोव्याच्या ईशान्य कडेलाही आहे. गर्टा केलर यांच्यासारखे शास्त्रज्ञ मोठा दोष या ज्वालामुखींना देतात. हे ऐकून मूल म्हणेल, ‘म्हणजे ज्याचं त्याचं मत!’ इथे मात्र त्याला थांबवा, माझी कळकळीची विनंती आहे. आंब्याच्या आवडीला पुरावा लागत नाही. केलरबाईंना तो द्यावाच लागतो, आणि त्यांच्या विरोधकांनाही.

आणखी एक घोटाळा मोठी माणसंही करतात. ‘माणसांनी शिकार करून डायनासोर संपवले’ हे वेगळं मत नव्हे, चुकीचं विधान आहे. आपल्या प्रजातीचा माणूस सुमारे ३ लाख वर्षांपूर्वीचा. ‘माझं मत आहे’ म्हटल्यानं ते सुटत नाही.

‘सगळे डायनासोर संपले’ हेही तपासून घ्या. अंगणातली कोंबडी त्यांच्याच वंशातली, हे ऐकून मुलं हसतील. हसू द्या, आणि मग चीनमधल्या लिआओनिंगला सापडलेल्या पिसांच्या डायनासोरांची चित्रं त्यांच्यापुढे ठेवा.