भट्टीतलं रत्न : ब्रिटिश म्युझियममधली काच

(पडद्यावर : काळ्या पार्श्वभूमीवर एक छोटा कानाचा चंबू. कॅमेरा अगदी जवळ.)

हा चंबू नऊ सेंटिमीटरही उंच नाही. अंग फिरोजी, त्यावर पिवळी, पांढरी आणि गडद निळी नक्षी. पोटावर राजाचं नाव : तिसरा थुतमोस. हा इजिप्तचा फॅरो इसवी सनापूर्वी १४७९ ते १४२५ गादीवर होता. ज्यांचा काळ खात्रीने सांगता येतो अशा काचेच्या भांड्यांमध्ये याच्याहून जुनी भांडी शोधायला फार मेहनत घ्यावी लागेल.

काचच आहे ही. तरी पलीकडचं काही दिसत नाही. दिसावं असं बनवणाऱ्याच्या मनातही नव्हतं. त्याला हवा होता पिरोजा, ते निळसर-हिरवं रत्न. खऱ्या पिरोज्याचा एवढा मोठा, निर्दोष खडा मिळणं मुश्किल, मिळाला तरी तो आतून कोरून पोकळ करणं त्याहून मुश्किल. मग वाळू, राख आणि तांब्याचा अंश भट्टीत घालून दगडाचा रंगच उतरवायचा.

वितळलेली काच फुगवायची फुंकनळी तेव्हा नव्हती. ती यायला अजून जवळपास चौदाशे वर्षं होती. मग आतली पोकळी कशी केली? सळईच्या टोकावर माती आणि शेणाचा लगदा थापून भांड्याच्या आतल्या आकाराचा गोळा करायचा. त्यावर वितळलेली काच चढवायची, सपाट दगडावर लाटून सारखी करायची. वरून रंगीत काचेचे तापते धागे गुंडाळायचे आणि ते मऊ आहेत तोवर टोकदार हत्यार त्यांच्यातून वर-खाली ओढायचं, रांगोळीच्या रंगांतून काडी ओढावी तसं. धाग्यांच्या लाटा होतात. भांडं सावकाश थंड झालं की आतली माती खरवडून काढायची. त्या काळच्या इजिप्शियन कुप्यांमध्ये तोंडाशी आत बोट फिरवता आलं असतं, तर उरलेल्या मातीची खरखर लागली असती. या चंबूवर तर आणखी एक करामत आहे : काही नक्षी काचेची पूड लावून, पुन्हा भाजून पक्की केलेली. मिनाकामाचा हा फारच जुना नमुना.

(पडद्यावर : भाजक्या मातीच्या तुटक्या पाट्या. खिळ्यासारखी बारीक अक्षरं.)

आता नाइल सोडून तैग्रिसकाठी, आजच्या इराकमधल्या निनवेला. असीरियाच्या असुरबनिपाल राजाच्या ग्रंथालयातल्या या मातीच्या पाट्या इसवी सनापूर्वीच्या सातव्या शतकातल्या. यांत काच बनवायच्या कृती आहेत. सुरुवात कच्च्या मालापासून होत नाही. आधी शुभ महिन्यातला शुभ दिवस बघा. भट्टीजवळ रक्षक मूर्ती बसवा. परक्या माणसाला आत येऊ देऊ नका, अशुद्ध माणसाने समोरून जाऊ नये. मेंढीचा बळी द्या. मग भट्टी पेटवा. वाळू-राखेचं प्रमाण त्यानंतर.

हसू नका. तापमान मोजायचं साधन नसलेल्या माणसाने भट्टीपुढे दुसरं काय करावं? एक फुंकर कमी-जास्त झाली की महिनाभराचा माल वाया.

या पाट्यांमधली काच बहुतेक ठिकाणी लाजवर्द या मौल्यवान दगडाच्या निळ्या छटांची आहे. लाजवर्द येई अफगाणिस्तानातल्या बदख्शानहून, हजारो किलोमीटरवरून. असीरियातले लोक त्याचे दोन प्रकार सरळ मांडत : एक डोंगरातला, एक भट्टीतला. भट्टीतला म्हणजे बनावट, असा हिणकस भाव त्यात दिसत नाही. राजांना दोन्ही हवे असत. तुर्कस्तानच्या किनाऱ्याजवळ उलुबुरून इथे १९८२ मध्ये एका बुडालेल्या जहाजाचा शोध लागला. इसवी सनापूर्वीच्या चौदाव्या शतकातलं ते जहाज. त्यात तांब्याच्या लगडींबरोबर कच्च्या काचेच्या सुमारे १७५ लगडी होत्या, कोबाल्टच्या निळ्या आणि फिरोजी. काच बनत असे मोजक्या ठिकाणी. बाकीचे कारागीर लगड विकत घेऊन ती पुन्हा वितळवत.

(पडद्यावर : फिकट हिरवी, जाड काचेची कुपी. बाजूला दोन छोटे कान.)

असीरियातल्याच निमरुद शहराच्या राजवाड्यात ऑस्टिन लेयार्ड या इंग्लिश संशोधकांना उत्खननात सापडलेली ही कुपी. हिच्यावर सिंह कोरलाय आणि दुसऱ्या सारगोन राजाचं नाव. काळ इसवी सनापूर्वी ७२१ ते ७०५. हिच्यातून उजेड आत जातो. पण हीसुद्धा दगडासारखीच घडवलीय : काचेचा ठोकळा थंड झाल्यावर घासत, कोरत.

इथवर आपण काचेवर दोन राजांची नावं वाचली. भट्टीवर बसलेल्या एकाचंही नाव कळलं नाही.

(पडद्यावर : फुंकनळीच्या टोकावर फुगत जाणारा काचेचा गोळा.)

मग इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात भूमध्य समुद्राच्या पूर्व किनाऱ्याकडे कुणीतरी काचेच्या नळीत हवा फुंकली. जेरुसलेममध्ये त्या सुरुवातीच्या खटपटींचा कचरा सापडलाय : अर्धवट फुगलेल्या नळ्या, फेकलेले तुकडे. पुढे लोखंडी फुंकनळी आली आणि जे भांडं करायला दिवस जात, ते काही मिनिटांत होऊ लागलं. भूगोलकार स्ट्रेबो लिहितो की रोममध्ये काचेचा पेला एका तांब्याच्या नाण्याला मिळतो. काच राजवाड्यातून उतरून खानावळीत आली.

याच धामधुमीत पहिल्या शतकातला एनियॉन नावाचा कारागीर आपल्या साच्यातच ग्रीक अक्षरं कोरून ठेवतो : हे एनियॉनने बनवलं. माल खपू लागला की नाव टाकायला अर्थ येतो. राजासाठी एकच नग करणाऱ्याला कोण विचारणार?

पण ज्यांच्याकडे पैसा होता त्यांना खानावळीतला पेला कसा चालेल? त्यांना पुन्हा दगड हवा होता. आणि इथे गोष्ट आपल्या पैठणला येते.

(पडद्यावर : गोदावरीचा काठ. मग पट्ट्यापट्ट्यांचा अकीक, कापलेला.)

पहिल्या शतकात एका ग्रीक भाषक व्यापाऱ्याने लाल समुद्र आणि हिंदी महासागरातल्या बंदरांची माहिती लिहून ठेवली. ‘पेरिप्लस’ म्हणून ती ओळखली जाते. भडोच बंदरापासून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण, तिथून दहा दिवस पूर्वेला तगर, म्हणजे आपलं धाराशिवजवळचं तेर, असं तो सांगतो. पैठणहून बैलगाड्या भरून ऑनिक्स दगड भडोचला येतो, तेरहून कापड. ऑनिक्स म्हणजे थराथरांचा अकीक. दख्खनच्या काळ्या कातळातल्या पोकळ्यांत तो तयार होतो. आणि भडोचला बाहेरून काय उतरतं? दारू, तांबं, कथील, पोवळं… आणि कच्ची काच.

इकडून दगड गेला, तिकडून काच आली.

रोममधले रत्नकार या थरांच्या दगडावर नाजूक कोरीवकाम करत. वरचा पांढरा थर आकृतीपुरता ठेवायचा, बाकीचा खरवडून खालचा गडद थर उघडा करायचा. त्यांनी कोरलेला अमुक खडा पैठणचाच, असं कुणी छातीठोक सांगू शकणार नाही. पण हीच युक्ती काचेवर करून बघावी हे त्यांच्यापैकी कुणाला तरी सुचलं, आणि त्यातून जे निर्माण झालं ते आता समोर आहे.

(पडद्यावर : पोर्टलँड कलश. कॅमेरा हळूहळू भोवती फिरतो.)

पोर्टलँड कलश. उंची साधारण साडेचोवीस सेंटिमीटर. खालची काच इतकी गर्द निळी की काळी वाटावी. कारागिराने निळा गोळा थोडा फुगवला, पांढऱ्या काचेच्या रसात बुडवला आणि मग पूर्ण फुंकला. दोन्ही काचा थंड होताना सारख्या आकसल्या नाहीत तर सगळं तडकणार. त्यानंतर रत्नकार बसला कोरायला. या बाईच्या अंगावरचं वस्त्र बघा : जिथे पांढरा थर कागदाइतका पातळ केलाय तिथे खालचा निळा झिरपून सावलीसारखा दिसतो. छाया रंगवलेली नाही, खरवडून आणलीय. एक घाव जास्त पडला की संपलं. ही माणसं कोण, कुठली कथा, यावर विद्वानांचं चारशे वर्षांत एकमत नाही. ग्रीक पुराणातलं पेलेउस आणि थेटिसचं लग्न, असं बरेच जण मानतात. आपण या भांडणात पडायला नको.

रोममध्ये एका कार्डिनलच्या घरून बार्बेरिनी घराण्याकडे, तिथून सर विल्यम हॅमिल्टन या ब्रिटिश राजदूतांमार्फत पोर्टलँडच्या डचेसकडे, आणि १८१० साली हा कलश ब्रिटिश म्युझियममध्ये ठेवायला आला.

७ फेब्रुवारी १८४५. एक तरुण दालनात शिरला, शेजारचा एक कोरीव दगड उचलला आणि कलशावर फेकला. दोनशेहून जास्त तुकडे. विल्यम लॉइड असं त्याने नाव सांगितलं. आठवडाभर दारू पीत होतो, म्हणाला. पुढचा भाग ऐकण्यासारखा आहे. तेव्हाचा नुकसानीचा कायदा ५ पौंडांपर्यंतच्या वस्तूंनाच लागू होता. कलश त्याहून कितीतरी मोलाचा, म्हणून त्याच्याबद्दल खटला भरताच येईना! अखेर आरोप लागला तो कलशावरची काचेची पेटी फोडल्याचा. दंड ३ पौंड, नाहीतर कैद. दंड कुणा अनामिकाने भरून टाकला.

संग्रहालयाच्या जॉन डबलडे यांनी त्याच वर्षी कलश जोडला. ३७ बारीक कपच्या मात्र उरल्या. कुठे बसतात ते कळेना. प्रत्येक कपचीला एक, असे ३७ कप्पे असलेली पेटी एका कारागिराला करायला सांगितली गेली. सांगणारा वारला, पेटी कुणी न्यायला आलंच नाही. शंभर वर्षांनी, १९४८ मध्ये, हे काय आहे म्हणून एक गृहस्थ त्या कपच्या घेऊन संग्रहालयात हजर झाले. त्यातल्या तीनच तेव्हा जागेवर बसवता आल्या. १९८८-८९ मध्ये कलश पुन्हा सुटा करून नव्या चिकटद्रव्याने जोडला, आणि उरलेल्यांपैकी आणखी काही जागी लागल्या.

(पडद्यावर : हिरवट, अपारदर्शक दिसणारा पेला. मग पेल्यामागे दिवा लागतो. पेला लालभडक होतो. निवेदन तीन सेकंद थांबतं.)

हा संगणकावरचा रंगबदल नाही. समोरून उजेड पडला की हिरवा, आरपार उजेड गेला की लाल. चौथ्या शतकातला हा रोमन पेला ग्रीक पुराणातल्या लायकरगस राजाच्या नावाने ओळखला जातो. डायोनायसस या मद्यदेवतेच्या परिवारातल्या अँब्रोसिया नावाच्या स्त्रीवर लायकरगसने हल्ला केला, ती द्राक्षवेल झाली आणि तिने त्याला जखडून टाकलं. पेल्यावरचा हा दाढीवाला राजा बघा, वेलीत अडकून तडफडतोय. जाड काचेचं भांडं बाहेरून घासत नेऊन या आकृती सुट्या केल्यात; मूळ भांड्याला त्या फक्त बारीक पुलांनी चिकटून आहेत. आकृतींमागे काच आतून पोखरलीय, म्हणजे उजेड सगळीकडून सारखा यावा.

संग्रहालयाने हा पेला १९५८ मध्ये लॉर्ड रॉथशील्ड यांच्याकडून २० हजार पौंडांना घेतला. रंगाचं कोडं सुटायला मात्र १९९० उजाडलं. काचेत सोनं आणि चांदी आहे. दर दहा लाख भागांत चांदी सुमारे ३३० भाग, सोनं जेमतेम ४०. दोघांच्या मिश्र धातूचे कण मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाहूनही लहान. समोरून पडलेला हिरवट उजेड ते परत फेकतात आणि लाल तेवढा पलीकडे जाऊ देतात.

आता रोमन कारागिराने नॅनो तंत्रज्ञान शोधलं, असं छापणारे खूप भेटतात. मला ते पटत नाही. एवढं किंचित सोनं मोजून घालणं त्या काळी अशक्य. अशा काचेचा हा एकच अखंड पेला, बाकी मोजके तुकडे. हमखास जमणारी कृती असती तर आणखी सापडले असते. बहुधा चांदी-सोन्याचा अंश चुकून मिसळला. पण भट्टीतून निघालेला तो विचित्र गोळा त्याने टाकून दिला नाही, आणि हा गोळा कपासारख्या साध्या भांड्यात घालवायचा नाही हेही ओळखलं. द्राक्षवेलीच्या कथेला द्राक्षासारखा हिरव्याचा लाल होणारा पेला! ती अक्कल चुकून येत नाही.

(पडद्यावर : मशिदीतला दिवा, निळी आणि सोनेरी अक्षरं.)

इजिप्त आणि सीरियावर राज्य करणाऱ्या ममलूक सुलतानांच्या अमीरांनी मशिदींना दिलेल्या या हंड्या. वाड्यांतल्या हंड्या-झुंबरांची सवय असलेल्या आपल्या डोळ्यांना लगेच ओळखीच्या वाटतील. कित्येकींच्या गळ्यावर कुराणातली प्रकाशाची आयत असते : दिवा काचेत आहे, आणि काच जणू तेजस्वी तारा. आत वात पेटली की अक्षरंच उजळायची. मधल्या गोलात अमीराच्या हुद्द्याची खूण. साकी, म्हणजे सुलतानाला पेय देणारा, असेल तर पेला. देणाऱ्याचं नाव मोठ्या अक्षरांत. करणाऱ्याचं सहसा नाहीच.

व्हेनिसबद्दल लोकांनी इतकं सांगून ठेवलंय की मी थोडक्यात आटपते. आगीच्या भीतीने १२९१ मध्ये भट्ट्या मुरानो बेटावर हलवल्या. पंधराव्या शतकाच्या मध्याला तिथले काचकार अँजेलो बारोव्हिएर यांच्या नावावर नितळ, स्वच्छ काच जमा झाली. नितळ कशासारखी? स्फटिकासारखी. पहिल्या शतकात रोमन लेखक प्लिनीही हेच लिहून गेलाय की सर्वांत मोलाची काच म्हणजे रंगहीन, स्फटिकाच्या जवळ जाणारी. पुन्हा दगडच. आणि त्याच मुरानोत नेमकी उलटी काचही होत होती : अपारदर्शक, तपकिरी-हिरव्या पट्ट्यांची, हुबेहूब अकीक.

(पडद्यावर : फेलिक्स स्लेड यांचं चित्र, मग कपाटामागून कपाट.)

संग्रहालयात काचेची ही अखंड साखळी दिसते ती बरीचशी या गृहस्थांमुळे. फेलिक्स स्लेड, लंडनचे वकील. १८६८ मध्ये वारले तेव्हा काचेच्या जवळपास हजार वस्तू त्यांनी संग्रहालयाला ठेवल्या.

त्यानंतर पाचच वर्षांनी जॉन नॉर्थवुड या इंग्लिश कोरीवकाराने पोर्टलँड कलशाची प्रत करायला घेतली. इंग्लंडमधले भांड्यांचे कारखानदार वेजवुड यांनी १७९० मध्ये केलेली प्रत चिनीमातीची होती. ही काचेतच करायची होती, निळ्यावर पांढरी. लागली तीन वर्षं, आणि १८७६ मध्ये ती पुरी झाली. ती प्रत आज अमेरिकेत कॉर्निंगच्या काच-संग्रहालयात आहे. तिच्यासाठी दुहेरी थराचा कोरा कलश फिलिप पार्जेटर यांच्या कारखान्यात तयार झाला. तो फुंकणाऱ्याचं नाव डॅनियल हॅन्कॉक्स.